खारीचा वाटा



दिवसभराचे ऊन सोसून आपण संध्याकाळी येथे जमला आहात. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पायंडा पाडला, तेव्हापासून महाराष्ट्रात उन्हाळा आणि व्याख्यान यांची सांगड बसली आहे. आमच्या गोंदियाकडे हेच दिवस तेंदूपानाचे. आपण येथे पंख्याखाली बसलो आहोत आणि तिकडे देवरी-सालेकशाच्या जंगलाकाठी पहाटेपासून पाने तोडून आलेली माणसे आता पुडे बांधून, मोजून दमली असतील. त्या पानांच्या बिड्या वळणाऱ्या बायांमध्ये आमचे आयुष्य गेले. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे वाचनालयात, कामगार कोर्टाच्या व्हरांड्यात आणि बायांच्या बैठकीत झाले. तेव्हा आमच्याकडून पांडित्याची अपेक्षा कोणी करू नये.

चालकांचे निमंत्रण आले, त्यात एक वाक्य होते : "आमच्या या ज्ञानयज्ञात आपणही खारीचा वाटा उचलावा." पत्र मिळाले त्या दिवशीच आमचा विषय ठरला. हा वाक्प्रचार आम्ही गेली तीस वर्षे वापरत आलो आहोत. पावतीपुस्तक हातात घेऊन दारोदार फिरताना आम्ही तो इतका वापरला, की त्याचा अर्थ काय याचा विचार करायचे राहूनच गेले. तो विचार एका बाईने आम्हाला करायला लावला. तिची गोष्ट पुढे सांगू. आधी खारीची.

ती गोष्ट आपणा सर्वांना ठाऊक आहे. सेतू बांधणे चालले होते. वानर मोठमोठे धोंडे आणून टाकीत होते. एक खार वाळूत लोळायची, अंगाला चिकटलेले कण सेतूवर नेऊन झटकायची आणि पुन्हा किनाऱ्याला यायची. रामाने तिच्या पाठीवरून हात फिरवला, त्याचे पट्टे अजून दिसतात. वाल्मीकींच्या रामायणात ही कथा नाही. ती लोकांनी सांगत आणली आहे, आणि आम्हाला तिचे मोल वाटते ते यासाठीच. ज्यांना धोंडा उचलता येत नव्हता, त्यांनी मोठ्या कथेत आपल्यासाठी एक जागा करून घेतली.

आता 'वाटा' हा शब्द पाहा. मराठीत एकाच शब्दाला दोन तोंडे आहेत. आपण वाटा उचलतो म्हणजे देतो. आपण वाटा मागतो म्हणजे घेतो. भाऊ वेगळे झाले तर शेताचा वाटा मिळतो, आणि बापाचे कर्ज असेल तर त्याचाही वाटा डोक्यावर येतो. देण्याला एक शब्द आणि घेण्याला दुसरा, असा भेद आपल्या आजा-पणजांनी ठेवला नाही. जो देण्यात वाटेकरी, तो घेण्यातही वाटेकरी, असे त्यांनी धरून चालले असावे. व्यवहारात मात्र काय होते? गरिबाला वाटा उचलायला सांगतात तेव्हा शब्द गोड असतात. तोच वाटा मागायला आला, की त्याला वाटाण्याच्या अक्षता मिळतात.

याच शब्दाचा आणखी एक वाक्प्रचार आहे : सिंहाचा वाटा. वर्तमानपत्रात आपण रोज वाचतो की अमक्या पुढाऱ्याने तालुक्याच्या विकासात सिंहाचा वाटा उचलला. हे वाचून आम्हाला हसू येते. हा वाक्प्रचार इसापनीतीतून, इंग्रजीच्या वाटेने आपल्याकडे आला. त्या कथेत सिंह काही उचलत नाही. सगळे प्राणी मिळून शिकार करतात. वाटणीची वेळ आली, की सिंह म्हणतो, एक भाग मी राजा म्हणून, दुसरा मी बलवान म्हणून, तिसरा मी बरोबर होतो म्हणून, आणि चौथ्याला हात लावून तर पाहा! सिंहाचा वाटा हा घेतलेला वाटा आहे आणि खारीचा वाटा हा दिलेला. घेणाऱ्याला आपण देणारा केले, आणि देणाऱ्या खारीला काय मिळाले, तर पाठीवर हात. मोठ्यांना मान देण्याची आपल्याला इतकी सवय झाली आहे, की जिभेलाही उलटसुलट कळेनासे झाले.

या शब्दाचे शेजारीही ओळखून घेतले पाहिजेत. पहिला शेजारी दान. दान देणारा वर असतो, घेणारा खाली असतो, आणि दिल्यावर हिशेब विचारायचा नसतो. वाट्याचे तसे नाही. वाटा देणारे एका पातळीवर असतात आणि हिशेब विचारणे हा त्यांचा हक्क असतो. दुसरा शेजारी बेगार. बेगारीतही माणूस आपला भाग उचलतो, पण तो मारून मुटकून. वाट्यात संमती आहे, बेगारीत ती नाही. तिसरा शेजारी अलीकडचा. आजची तरुण मंडळी हॉटेलात चहा-नाश्ता करतात आणि उठताना म्हणतात, "टीटीएमएम." आम्हाला प्रथम वाटले, हा एखादा परीक्षेचा प्रकार असावा. मग कळले की 'तुझे तू, माझे मी.' ज्याने त्याने आपापले द्यावे.

यात वाईट काही नाही. उलट चोख व्यवहार आहे. कोणी कोणाच्या उपकारात राहत नाही, फुकट्याला जागा मिळत नाही, आणि मुलींना तर त्यात स्वाभिमानाची सोय आहे. पण हा नियम सारख्या खिशाच्या माणसांसाठी आहे. ज्याच्या खिशात त्या दिवशी काहीच नाही, त्याच्यासाठी 'तुझे तू' याचा अर्थ 'तू चहाला येऊ नकोस' एवढाच उरतो. आमच्या गोंदिया स्टेशनवरच्या हमालांची रीत आम्ही पाहिली आहे. चारजण चहा पितात, ज्याला त्या पाळीत ओझे मिळाले तो पैसे देतो, ज्याला मिळाले नाही तो फक्त चहा पितो. उद्या पारडे फिरते. तेथे वही नसते, पण हिशेब पक्का असतो. ऐपतीप्रमाणे द्यावे, गरजेप्रमाणे घ्यावे, आणि दोन्ही वेळा मान ताठ असावी. खारीच्या वाट्याचा अर्थ आम्ही असा लावतो.

हा अर्थ आपल्या मुलखात नवा नाही. आपला जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झाला, पण तलावांचा मुलूख ही ओळख दोघांचीही राहिली. कोहळी समाजाच्या लोकांनी जमिनीचा उतार पाहून बांध घातले, पाणी अडवले आणि त्यावर धान पिकवले. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे परंपरा सांगते. त्या नावाला आमचा नमस्कार. पण एवढा बांध एका माणसाने घातला काय? डोक्यावरून टोपली टोपली माती वाहणारे हात किती असतील! त्यांतले एकही नाव आपल्यापर्यंत आलेले नाही. पुढे मालगुजारी १९५१ साली संपली आणि हे तलाव सरकारकडे गेले. मालगुजाराच्या काळात बेगार होती, ती गेली हे उत्तमच झाले. पण त्याबरोबर 'बांध आपला, गाळ आपण काढायचा' ही भावनाही पुष्कळ ठिकाणी गेली. आज त्यांना 'मामा तलाव' म्हणतात. माजी मालगुजारी, म्हणून मामा. मामाच्या घरी भाचा जेवायला जातो, भांडी घासायला जात नाही, तशी गत झाली.

दुसरे उदाहरण तळेगावचे. अंताजी दामोदर काळे नावाच्या गृहस्थांनी विचार केला की देशात उद्योग काढायचा तर भांडवल पाहिजे, आणि श्रीमंत तर हात आखडता घेतात. मग माणशी एक पैसा का मागू नये? लोकमान्य टिळकांनी या 'पैसा फंडा'ला पाठिंबा दिला, आणि त्यातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना उभा राहिला. एका पैशात काचेची गोळीसुद्धा येत नसेल, पण पैशा-पैशाने भट्टी पेटली.

तिसरे उदाहरण आमच्या स्वतःच्या घरचे, म्हणजे कामगार चळवळीचे. नारायण मेघाजी लोखंडे यांना आपण भारतीय कामगार चळवळीचे जनक मानतो. १८८४ साली त्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. १८९० साली गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली ती त्यांच्या खटपटीमुळे. आपण येथे कोणी रविवारी घरी पाय पसरून बसत असाल, तर त्या माणसाचे स्मरण करा. पण त्यांच्या संघटनेला सभासदांची यादी नव्हती, नियम नव्हते आणि निधीही नव्हता. म्हणून १८९७ साली प्लेगाच्या साथीत लोखंडे गेले आणि संघटनाही टिकली नाही. वर्गणी नसलेली संघटना एका माणसाच्या श्वासावर जगते, हा धडा आम्ही त्यातून घेतला.

कायद्यानेही तो घेतला. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यात १९६० साली दुरुस्ती झाली आणि सभासदाने महिन्याला निदान २५ नवे पैसे द्यावेत असे ठरले. २००१ च्या दुरुस्तीने त्यात फरक केला : ग्रामीण कामगारांना वर्षाला निदान एक रुपया, असंघटित क्षेत्रातल्या इतर कामगारांना तीन रुपये, आणि बाकीच्यांना बारा रुपये. पाहा, कायद्यालाही कळले की खारीचा वाटा आणि वानराचा वाटा एका मापाने मोजता येत नाही. त्याच कायद्याच्या २० व्या कलमाने संघटनेच्या हिशेबाच्या वह्या पाहण्याचा अधिकार प्रत्येक सभासदाला दिला होता. एक रुपयावाल्यालाही, बारा रुपयेवाल्यालाही. तो कायदा आता नव्या संहितेत गेला. पण आम्ही सांगणार आहोत ती गोष्ट घडली तेव्हा तो लागू होता, आणि ते कलम आम्हाला पाठ होते. पाठ असणे आणि उमगणे यांत किती अंतर असते, तेच आता सांगतो.

पंचवीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. बिडी कामगारांमध्ये आमचे काम रुळले होते. बाई घरी बसून बिड्या वळते. मांडीवर सूप, सुपात कापलेली पाने आणि तंबाखू. हजार बिड्या झाल्या की सट्टेदाराकडे नेऊन द्यायच्या. तेथे तो जुड्या चाळतो आणि मूठ-मूठ बाजूला टाकतो. ही 'छाट'. छाटीचे पैसे नाहीत, आणि छाट परतही नाही. बाजूला टाकलेल्या बिड्यांचे पुढे काय होते हे बाईने विचारायचे नाही. १९६६ च्या बिडी कामगार कायद्यानंतरच्या नियमांनी छाटीला मर्यादा घातली होती, पण नियम कागदावर आणि सूप मांडीवर. या प्रश्नावर अर्जविनंत्या झाल्या, तारखा झाल्या, आणि तारखांना जाण्यायेण्याचा, वकिलाचा खर्च आला. आम्ही निधी काढला.

शहरात फिरलो. एका डॉक्टरांनी एकशे एक दिले, एका व्यापाऱ्यांनी एक्कावन्न, शिक्षकांनी दहा-दहा. वस्तीत फिरलो, तेथे बायांनी एक रुपया, दोन रुपये, कोणी आठ आणे दिले. आपल्याकडे वर्गणीला चंदा म्हणतात. "भाऊ चंदा मागाले आले" म्हणून पोरे ओरडायची. प्रत्येक दारी आम्ही तेच म्हणायचो, "बाई, खारीचा वाटा द्या."

वर्षाअखेर आम्ही हिशेबाचा कागद छापला. वर डॉक्टरांचे नाव, मग व्यापाऱ्यांचे, मग शिक्षकांचे. पाच रुपयांच्या खालच्या साऱ्या रकमा एकत्र करून शेवटी एक ओळ घातली : 'किरकोळ जमा.' कागद वाचून दाखवायला सभा बोलावली. वाचून झाले. कोणाला काही विचारायचे आहे काय, असे आम्ही रीतीप्रमाणे विचारले, आणि रीतीप्रमाणे कोणी विचारणार नाही असे धरून कागदाची घडी घालू लागलो.

तेवढ्यात मागे बसलेली एक म्हातारी बाई उठली. नवरा नव्हता, मुलगा कामाला परमुलखी गेलेला. तिने दोन रुपये दिले होते. ती म्हणाली, "भाऊ, या कागदावर माहं नाव कोठी आहे?"

आम्ही म्हटले, "बाई, लहान रकमा एकत्र घातल्या आहेत. शेवटची ओळ आहे ना, किरकोळ, त्यात तुमचे पैसे आले."

ती म्हणाली, "घेताना खार म्हटलं, अन् कागदावर किरकोळ?"

सभा हसली नाही. आम्हाला ते हसणे परवडले असते. सगळ्या बाया आमच्याकडे पाहू लागल्या आणि आमच्याजवळ उत्तर नव्हते. कारण बेरीज आम्ही रात्री घरी बसून स्वतः केली होती. त्या किरकोळ ओळीची रक्कम वरच्या सगळ्या नावांच्या रकमेपेक्षा जास्त होती. आमच्या नजरेखालून ती रक्कम गेली होती, आणि तरी तिला किरकोळ म्हणताना आमचा हात अडखळला नव्हता. सिंहाला वर बसवण्याची सवय आम्हालाही होती. दुसऱ्याचे सट्टेदारपण ओळखणारे आम्ही, बायांची नावे आम्हीच छाटली होती.

नवीन कागद छापायचा तर सारी नावे मावेनात. खर्चही वाढला असता. शेवटी कमिटीने ठरवले की नावे सभेत वाचून दाखवावी. पुढच्या रविवारी आम्ही पावतीपुस्तके घेऊन बसलो आणि एकेक नाव व रक्कम वाचली. दिवेलागण झाली, कंदील आणावा लागला, कारण वीज गेली. लेकरे मांडीवर झोपली. पण स्वतःचे नाव येऊन गेल्यावरही कोणी उठून गेले नाही. शेजारणीचे नाव ऐकण्यासाठी बाया थांबल्या. कोणी किती दिले हे कळल्यावर कोणी कोणाला हिणवले नाही. आठ आणे दिलेल्या बाईचे नाव आले तेव्हा तिच्या घरचे हाल ज्यांना ठाऊक होते, त्यांनी मान हलवली. आठ आण्यांचे वजन त्यांना कळत होते.

गोष्ट येथे संपली असती तर ती आम्ही आपल्यापुढे सांगितली नसती. पुढच्या आठवड्यात तीच बाई आपल्या चौथीतल्या नातीला घेऊन आली आणि म्हणाली, वही दाखवा. कलम २० आम्हाला पाठ होते, तिला नव्हते. पण हक्क तिने बजावला. नात बोट ठेवून एकेक ओळ वाचत गेली. एका ओळीपाशी थांबून वाचले, "चहा, बावीस रुपये." बाईने विचारले, "हा चहा कोणं पेला?" तो चहा कमिटीने प्याला होता. दुसऱ्या दिवसापासून कमिटीचा चहा ज्याच्या त्याच्या पैशाने झाला. 'तुझे तू, माझे मी' कोठे लावावे, हेही आम्ही त्या दिवशी शिकलो!

आणि महिनाभराने तिने तोच प्रश्न सट्टेदाराच्या ओट्यावर विचारला. जुड्यांतून मूठभर बिड्या त्याने बाजूला टाकल्या, तशी ती म्हणाली, "खराब असतील तर माह्या डोळ्यांसमोर मोडा, नाहीतर माह्या मला द्या." मागे रांगेत उभ्या असलेल्या बायाही तसेच म्हणू लागल्या. आमच्या अर्जांनी आणि तारखांनी जे झाले नव्हते, ते त्या ओट्यावर त्या दिवसापुरते तरी झाले : छाट थांबली. कायमची थांबली असे आम्ही म्हणणार नाही. पण प्रश्न विचारायला तोंड फुटले, ते परत बंद झाले नाही. आम्ही पुष्कळ दिवस विचार केला की हे धैर्य तिला कोठून आले. आमच्या भाषणांतून ते आले नव्हते. आपल्याच माणसांना हिशेब विचारून पाहिला, आभाळ कोसळले नाही, उलट उत्तर मिळाले. मग परक्याला विचारायला भय कसले? जी संघटना आपल्या सभासदाला हिशेब विचारू देत नाही, ती त्याला मालकापुढे उभे करू शकत नाही.

याच्या उलट काय होते तेही सांगतो. १९७६ साली संसदेने बिडी कामगारांसाठी कल्याण निधीचा कायदा केला. बिड्यांवर उपकर बसवायचा आणि त्यातून कामगारांसाठी दवाखाने, मुलांना शिष्यवृत्त्या, घरांना मदत द्यायची. म्हणजे बाईने वळलेल्या प्रत्येक जुडीमागे तिचा एक कण त्या निधीत पडत होता. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा हा उपकर बंद झाला. योजना अंदाजपत्रकातल्या तरतुदीवर आल्या. जो हक्काचा वाटा होता तो सरकारच्या मर्जीचा भाग झाला. आम्ही वस्त्यांत जाऊन हे सांगितले तेव्हा बहुतेक बाया म्हणाल्या, "असा काही निधी आमच्या बिडीतून जमत होता, हे कोणी सांगितलंच नाही." ज्याला आपण वाटा दिला हे ठाऊक नाही, तो गेला तरी त्याला हाक मारता येत नाही. आम्ही ते वेळीच सांगितले नाही, हाही दोष आमच्या पदरी घेतो.

श्रोतेहो, आपल्यापैकी पुष्कळजण कोठल्या ना कोठल्या मंडळाचे, देवस्थानाचे, पतसंस्थेचे, मंडईतल्या दंडारीचे, शाळेच्या इमारतीचे वर्गणीदार असतील. कोणी पावती फाडून म्हणेल की खारीचा वाटा द्या, तर अवश्य द्या, आपल्या ऐपतीप्रमाणे द्या. ऐपत मोठी असेल तर मात्र कृपा करून तिला खारीचा वाटा म्हणू नका. लाखाची देणगी देऊन पाटीवर 'खारीचा वाटा' लिहवून घेणे म्हणजे खारीची जागाही घेणे आहे. आणि दिल्यावर वर्षाअखेर जाऊन एकदा वही पाहा. त्यात अविश्वास मुळीच नाही. वाटेकऱ्याचे ते काम आहे. वही दाखवणाऱ्यांनीही कपाळाला आठी घालू नये.

या सभागृहाच्या दाराशी व्याख्यानमालेची एक पेटी ठेवलेली आम्ही येताना पाहिली. तिच्यात नोटाही पडतील आणि नाणीही पडतील. चालकांना आमची एकच विनंती आहे. या मालेचा अहवाल छापाल तेव्हा त्यात 'किरकोळ' ही ओळ घालू नका. पेटीतल्या नाण्यांना नाव नसते हे आम्हाला कळते. मग तेथे 'श्रोत्यांचा वाटा' असे लिहा, आणि ती ओळ सर्वांत वर घाला.